सोरॉरिटी राष्ट्रीय संघटनेत न्यायची असेल तर

अमेरिकेतल्या काही कॉलेजांत सोरॉरिटी, म्हणजे विद्यार्थिनींची संघटना, त्या एका आवारापुरतीच असते. नाव, बिल्ला, इनिशिएशनचा (सभासद करून घेण्याचा) विधी सगळं स्वतःचं, वर्गणी माफक आणि डोक्यावर कुणी नाही. अशा गटाला ‘लोकल’ म्हणतात. आपण मोठ्या राष्ट्रीय संघटनेत जायचं का, हा विषय कधी ना कधी त्यांच्या बैठकीत निघतोच. आपल्याकडच्या मुलीही अशा गटांत असतात आणि वर्गणीचे डॉलर बऱ्याचदा आईवडिलांच्या खिशातून जातात, तेव्हा हे घरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

सुरुवात कागदावर कारणं लिहून करा. विमा हवाय, नव्या मुली येत नाहीत, कॉलेजचा आग्रह आहे, नोकरीच्या वेळी माजी सभासदांच्या ओळखी उपयोगी पडतील, ही कारणं झाली. ‘नाव होईल’ हे कारण नव्हे. आणि यादीत विमा एवढंच उरत असेल, तर आधी एखाद्या विमा एजंटकडून लोकल गटासाठीचा दर मागवा. काम तिथेच भागलं तर पुढचा खटाटोप वाचेल.

मग कुठलं दार ठोठावायचं ते ठरवा. राष्ट्रीय सोरॉरिटींचा महासंघ असलेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स 1902 सालची. ऐतिहासिक कृष्णवर्णीय संघटनांची नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल 1930 ची. नावं जवळजवळ सारखी असली तरी घरं वेगळी. दक्षिण आशियाई मुलींनी उभ्या केलेल्या डेल्टा फाय ओमेगा, सिग्मा सिग्मा रो आणि कप्पा फाय गॅमा या तिन्ही 1998 मधल्या. आवारात त्या कॉन्फरन्सच्या सोरॉरिटींची पॅनहेलेनिक परिषद असेल तर तिला वगळून परस्पर बोलणी करू नका, त्या कॉन्फरन्सचं नवं चॅप्टर (शाखा) आणायला तिची संमती लागते. म्हणून पहिली भेट कॉलेजच्या ग्रीक लाइफ कार्यालयात, म्हणजे अशा संघटनांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात. तिथे जाण्याआधी आपल्या पटावर एक नजर टाका. दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन आलेली एखादी मुलगी तिकडे पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या एखाद्या सोरॉरिटीत इनिशिएट झालेली असेल, तर त्याच कॉन्फरन्सच्या दुसऱ्या सोरॉरिटीत तिला घेता येत नाही. हे तिला मतदानानंतर कळणं बरं नव्हे.

संघटनेची चौकशी करताना तिच्या माहितीपत्रकावर फार वेळ घालवू नका. डिसेंबर 2024 मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट झाला. त्याप्रमाणे हेझिंगबद्दल, म्हणजे नव्या सभासदांच्या छळाबद्दल, दोषी ठरलेल्या विद्यार्थी गटांची माहिती कॉलेजांना जाहीर करावी लागते. तीन-चार कॉलेजांचे हे अहवाल काढा आणि त्यात संघटनेचं नाव आहे का बघा. पूर्वी लोकल असलेल्या एखाद्या चॅप्टरच्या अध्यक्षेला फोन करा, आणि जमलं तर बाहेर पडलेल्यांशीही बोला. असे गट आहेत. डार्टमथ कॉलेजची सिग्मा डेल्टा 1988 मध्ये राष्ट्रीय संघटना सोडून लोकल झाली, आणि तिथलंच ट्राय डेल्टा या राष्ट्रीय संघटनेचं चॅप्टर 2015 मध्ये ‘काय डेल्टा’ या नावाने लोकल झालं.

पैशाचं काम खजिनदारणीचं, पण तिला एकटीला सोडू नका. एक तक्ता मांडा: राष्ट्रीय वर्गणी, नव्या सभासदाचं शुल्क, इनिशिएशन, बिल्ला, माणशी विमा, अधिवेशनाचा प्रवास. समजा 40 मुली आहेत आणि माणशी वर्षाला 250 डॉलर वाढले, तर 10,000 डॉलर आवाराबाहेर जाणार. मग विचारा, पट कोणत्या तारखेचा धरतात? त्या तारखेनंतर मुलगी गेली तर तिचं बिल कोण भरतं? हप्ते मिळतात का? कामं करून शिकणाऱ्या मुलींकडून या तक्त्यावर नाव न घालता ‘जमेल/जमणार नाही’ लिहून घ्या. बैठकीत पैशावर त्या गप्प बसतात.

आता करार. हा सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारासारखा असतो: सगळे चौरस फूट बघतात आणि शेवटची पानं कुणी उलटत नाही. तुम्ही तिथूनच वाचायला लागा. संघटनेने चॅप्टर बंद केलं तर खात्यातले पैसे कुणाचे? घर कुणाचं? आपण होऊन बाहेर पडता येतं का, आणि पडलो तर जुनं नाव परत वापरता येईल का? बऱ्याच संघटनांच्या घटनेत बंद चॅप्टरची मालमत्ता वर जाते. तेव्हा घर आपलं असेल, तर माजी सभासदांची वेगळी संस्था काढून ते आधीच तिच्या नावावर करावं आणि चॅप्टरला भाड्याने द्यावं, असं माझं मत. त्या राज्यातल्या वकिलाची फी इथे वाचवू नका. शिष्यवृत्तीचा निधी धर्मादाय म्हणून नोंदलेला असेल तर तो सोरॉरिटीच्या खर्चात मिसळता येत नाही. त्याची चूल वेगळीच ठेवा. करखात्याचे कागदही तपासा. 50,000 डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या गटाला दरवर्षी 990-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि सलग तीन वर्षं चुकला की करसवलत आपोआप जाते. लोकल गटात खजिनदारीण दरवर्षी बदलते, त्यामुळे हे राहून गेलेलं असायची शक्यता बरीच.

माजी सभासदांना या टप्प्यावर बोलवा, निकाल लागल्यावर नको. नव्या संघटनेत त्यांचंही इनिशिएशन होईल का, हे लेखी घ्या. तोंडी ‘हो’ला पुढच्या वर्षी कुणी ओळखत नाही.

मतदानाआधी आपली नियमावली उघडा. रॉबर्ट्स रूल्स या सभा चालवण्याच्या नियमांप्रमाणे चालत असाल, तर नियम बदलायला एरवी पूर्वसूचना आणि दोन तृतीयांश मतं लागतात. मत गुप्त चिठ्ठीवर घ्या. ज्यांना जायचं नाही त्यांचं काय, विशेषतः शेवटच्या वर्षातल्यांचं, हे चिठ्ठ्या वाटायच्या आधी सांगा. मोजणी दोघींनी करावी, त्यातली एक विरोधातली.

‘हो’ ठरलं तर प्रशिक्षण, पटवाढ आणि शेवटी इन्स्टॉलेशन, म्हणजे चॅप्टरची औपचारिक स्थापना, असा क्रम असतो. ते संघटनेची माणसं करून घेतात. तुम्ही त्याआधी जुन्या इतिवृत्तांच्या वह्या, फोटो आणि बिल्ले कॉलेजच्या ग्रंथालयाच्या अभिलेखागारात यादीसह जमा करा, पावती घ्या. ‘नाही’ ठरलं तर त्याच आठवड्यात दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा, तक्ता पुढच्या खजिनदारणीकडे द्या आणि हा विषय वर्षभर पुन्हा घ्यायचा नाही असा ठराव त्याच बैठकीत करून टाका.