आधी आवाज ओळखा

कॅडेट मित्रांनो, वेगवान गाडीला बाजारातले कडक शॉक अब्सॉर्बर बसवल्यावर रायपूरच्या जी. ई. रोडवर खडखडाट सुरू झाला, तर लगेच शॉकला दोष देऊ नका. लहान खड्ड्यात खटखट झाली, तर लिंक रॉड आणि वरच्या माउंटचे नट तपासा. स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज आला, तर माउंटचे बेअरिंग पाहा. करकर बहुधा रबरी बुशची असते. चाके अधांतरी असताना बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर टेकताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. म्हणून गाडीचा भार चाकांवर आल्यावरच बोल्ट टॉर्क पान्याने पक्का करा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. सैल नट आज वाजतो. उद्या वळणावर जीवावर बेततो.