जमिनीची हद्द आणि उपग्रहाची मोजणी

मलकापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात रस्त्याकडेच्या जागेचा व्यवहार गुंठ्यावर होतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. मोबाईलवर दिसणारे उपग्रहाचे स्थान मात्र मोकळ्या जागीही तीन ते पाच मीटर, म्हणजे दहा ते सोळा फूट चुकू शकते. अशा आकड्यावर कुंपण घातले तर भांडण ठरलेलेच.

ही चूक येते कोठून? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. घड्याळात, कक्षेत आणि वातावरणातून येताना थोडा जरी फरक पडला, तरी स्थान सरकते.

आपण व्यापारी प्रमाणित वजन ठेवून काट्याची चूक ओळखतो. येथेही तसेच आहे. ज्याचे स्थान अचूक ठाऊक आहे अशा ठिकाणी कायमचे यंत्र बसवतात. उपग्रहाच्या मापात किती फरक आहे ते त्यावरून कळते आणि ती दुरुस्ती इंटरनेटद्वारे शेतातील 'रोव्हर' यंत्राला मिळते. या केंद्रांना 'कॉर्स' म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रे उभारली आहेत.

मात्र केंद्र जितके दूर, तितका दोन्ही ठिकाणच्या वातावरणात फरक. ढोबळ हिशोब असा: मूळ एक सेंटीमीटर, अधिक दर किलोमीटरला एक मिलिमीटर. केंद्र ४० किलोमीटरवर असेल तर चूक पाच सेंटीमीटरच्या घरात जाते. म्हणून आता भोवतालच्या अनेक केंद्रांची माहिती एकत्र करून नेमक्या आपल्या जागेसाठी दुरुस्ती काढली जाते.

आंबा घाटाकडच्या दाट झाडीत उपग्रह झाकले जातात. जेथे मोबाईलची रेंज नाही, तेथे यंत्र एका जागी बराच वेळ ठेवून नोंदी घ्याव्यात व हिशोब नंतर कार्यालयात करावा.

मोजणी करून घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्रावर 'फिक्स' आल्याशिवाय बिंदू घेऊ देऊ नये. तोच बिंदू काही तासांनी पुन्हा मोजून घ्यावा. आणि एखाद्या जुन्या, वाद नसलेल्या हद्दीच्या दगडाशी ताळा करावा.

यंत्र बिंदू अचूक दाखवते, पण हद्द कोणती हे अभिलेखच सांगतो. तेव्हा इसार देण्यापूर्वी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, हे उत्तम.