आजी-आजोबांसाठी जुनी भीमगीते : औषध नव्हे, पण मोठा आधार



घरातले म्हातारे माणूस नातवाचे नाव विसरते, जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला मागते, रात्री उठून दार उघडते. मग कोणी ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून देते, कोणी अजूनही बाहेरची बाधा समजून भगताकडे नेते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे होऊ नये. हा अनेकदा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया हा मेंदूचा आजार असतो. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार होतात. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या.

गाणे का लक्षात राहते?

डिमेन्शियाच्या अल्झायमर या प्रकारात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग सुरुवातीलाच दुबळा होतो. म्हणून सकाळचे काही आठवत नाही. पण गाण्यात चाल, ताल, शब्द, हातपायांची हालचाल आणि भावना एकत्र असतात. ते मेंदूच्या अनेक भागांत पसरलेले असते आणि त्यातले काही भाग बराच काळ टिकतात. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी सर्वांत खोल रुजतात.

ज्यांनी दहा-बारा वर्षांचे असताना १९५६ सालच्या धम्मदीक्षेचे दिवस पाहिले, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांचे तरुणपण जलशांत आणि गायन पार्ट्यांच्या सामन्यांत गेले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यांच्या कानात आहे. खेड्यातून आलेल्या आजींना जात्यावरच्या बाबासाहेबांच्या ओव्या येतात. दिवसभर गप्प असलेली आजी ओळखीची चाल ऐकून हात फिरवू लागते, पुढचा शब्द स्वतः म्हणते, हे नर्सिंगच्या कामात मी अनेकदा पाहिले आहे.

गाण्याने आजार बरा होत नाही, गेलेली स्मृती परत येत नाही. पण बेचैनी आणि उदासी काही वेळ कमी होते. अंघोळीला नकार देणारे माणूस गाणे गुणगुणत अंघोळ करून घेते. सांभाळणाऱ्या सुनेला-लेकीलाही तेवढाच दम मिळतो. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नका.

गाणे कसे म्हणावे?

१. आधी घरच्यांना विचारा : गाव कोणते, तरुणपणी काय ऐकायचे, गायन पार्टीत होते का? त्यावरून पाच-सहा गाणी निवडा.

२. डीजे, मोठा स्पीकर नको. खंजिरी किंवा पेटी पुरे. समोर, नजरेच्या पातळीवर बसा. ज्या कानाने नीट ऐकू येते त्या बाजूला आवाज ठेवा. टीव्ही बंद करा.

३. वीस ते तीस मिनिटे पुरेत. संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते, म्हणून त्याच्या थोडे आधी गाणे सुरू करा.

४. चाल संथ ठेवा. कडव्याच्या शेवटी थांबा, त्यांना शब्द सापडू द्या. ‘मला ओळखलं का?’ अशी परीक्षा घेऊ नका. आपणच नाव सांगा.

५. महापरिनिर्वाणाच्या गीताने डोळे भरून येतात. रडू दाबू नका, हात धरून बसा. पण अंग आखडले, कान झाकले, ओरडू लागले तर गाणे लगेच थांबवा.

६. गाताना तोंडात खाऊ घालू नका, ठसका लागू शकतो. मधुमेह आहे का, हे विचारल्याशिवाय पेढाही देऊ नका.

७. मोबाईलवर चित्रीकरण करून पसरवू नका. ज्याला संमती देता येत नाही, त्याची लाज राखणे आपले काम आहे.

वृद्धाश्रमात जाताना

वृद्धाश्रमात करमणूक म्हणजे बहुधा भजन-कीर्तन. ज्या आजोबांनी तरुणपणीच देव सोडले, त्यांनाही आरतीला बसवले जाते. बोलता येत नसल्याने ते नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून आपल्या माणसाला तिथे ठेवताना त्याचा धम्म आणि त्याची आवडती गाणी नोंदवहीत लिहून घ्यायला सांगा.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. तिथे सर्व जातिधर्मांचे लोक असतात. आपण प्रचाराला नाही, सेवेला जातो. शेजारच्या खाटेवरच्या आजीला अभंग किंवा जुने सिनेमाचे गाणे हवे असेल तर तेही म्हणा. जाण्याआधी व्यवस्थापकांची परवानगी घ्या. सर्दी-खोकला असेल त्याने जाऊ नये. ठरलेल्या दिवशी नियमाने जा. एकदाच हारतुरे घेऊन जाण्यापेक्षा दर रविवारचा अर्धा तास मोलाचा आहे.

हे लक्षात ठेवा

एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, माणूस फार झोपाळू किंवा फार चिडके झाले, तर गाण्यात वेळ घालवू नका. लघवीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, औषधाचा दुष्परिणाम अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ज्येष्ठांची हेळसांड होत असेल तर १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मदत मिळते.

आजारी पडून एकटा पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले आणि रुग्णसेवेचा उपदेश केला. महिला मंडळाने आणि विहारातल्या तरुणांनी या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची यादी करावी आणि पहिल्या घरी जावे.

जयभीम! नमो बुद्धाय!