खुर्ची आणि लोटा : चार्ल्स व रे ईम्स

आधुनिक फर्निचरच्या इतिहासात चार्ल्स ईम्स (१९०७-१९७८) आणि त्यांच्या पत्नी रे (१९१२-१९८८) यांची नावे जोडीनेच घेतली जातात. चार्ल्स यांनी वास्तुकलेचा अभ्यासक्रम अपुरा सोडला होता. रे चित्रकार होत्या. १९४१ साली विवाह झाल्यावर कॅलिफोर्नियात त्यांनी प्लायवुडला उष्णता व दाब देऊन बाक आणण्याचे प्रयोग आरंभिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलातील जखमींच्या पायांना आधार देण्यासाठी त्यांनी अशा प्लायवुडच्या पट्ट्या बनविल्या. शरीराच्या वळणाशी लाकूड जुळविण्याचे हेच तंत्र पुढे त्यांच्या खुर्च्यांत उतरले. उत्तम वस्तू यंत्राने विपुल प्रमाणात तयार व्हावी व ती सामान्यांना परवडावी, हा त्यांचा हेतू होता. तो पूर्णतः सफल झाला असे म्हणता येत नाही. त्यांची १९५६ सालची चामड्याची आरामखुर्ची श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच शोभली.

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून हे दांपत्य भारतात आले. यंत्रोत्पादनाच्या वेगात भारतीय वस्तूंचा दर्जा कसा टिकवावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. देशभर हिंडल्यावर त्यांच्या मनात सर्वाधिक भरला तो साधा लोटा, महाराष्ट्रातील तांब्याचा भाऊबंद. त्यात पाणी किती मावावे, भरलेला असता तो कमरेवर कसा तोलला जावा, धार कशी पडावी, घासताना हात आत कसा जावा, मोडीत त्याचे किती मोल यावे, या साऱ्यांचा विचार त्याच्या आकारात सामावलेला होता. तो विचार एका कारागिराचा नव्हता; अनेक पिढ्यांचा होता.

परंतु कारखाना पिढ्यांची वाट पाहत नाही. म्हणून पिढ्यांनी नकळत केलेले काम यापुढे जाणीवपूर्वक, अभ्यासाने केले पाहिजे आणि त्यासाठी स्वतंत्र संस्था हवी, असे त्यांनी आपल्या अहवालात प्रतिपादिले. १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली, ती या विचारातूनच. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरील प्रदर्शन ईम्स यांनी याच संस्थेच्या सहकार्याने उभारले. ते १९६५ साली न्यूयॉर्क येथे प्रथम भरले. पुढे दिल्लीच्या प्रगती मैदानातील नेहरू मंडपात त्याला जागा मिळाली.

ईम्स यांच्या खुर्च्या भारतातील फार थोड्या घरांत पोहोचल्या. त्यांचा येथील खरा वारसा म्हणजे लोट्यासंबंधी त्यांनी विचारलेले प्रश्न होत. कोणतीही नवी वस्तू घडविणाऱ्याला आजही त्यांची उत्तरे द्यावीच लागतात.