फिल्टर कापण्याआधी

‘डीपीएफ चोक झालाय. आतून पोकळ करून देतो, रिमॅप मारतो. गाडी मोकळी पळेल.’ मेकॅनिकचा सौदा मोहात पाडणारा होता. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. नवा लाखाच्या घरात, हे काम त्याच्या पाव पैशांत. आमची बीएस-६ डिझेल गाडी, मीटरवर नारिंगी दिवा, पिकअप गेलेला. मी म्हटलं, ‘आधी स्कॅनर लावून प्रेशर दाखवा.’

चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात फरक शून्य दिसायला हवा. धूर वाहतच नाही, तर फरक कुठून येणार? तरी स्क्रीनवर आकडा होता. सेन्सरच खोटं बोलत होता. त्याच्या दोन नळ्या तडकल्या किंवा काजळीने बुजल्या तरी आकडा असाच चुकतो, त्याही पाहून घ्याव्यात.

अर्थात सगळा दोष सेन्सरचा नव्हता. गाडी पुण्यात घर, शाळा, ऑफिस एवढीच फिरायची. साठलेली काजळी जाळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जादा डिझेल सोडतो, ते कॅटॅलिस्टमध्ये जळून धूर तापवतं. तेव्हा आयडलिंग वाढतं, अ‍ॅव्हरेज पडतं, पंखा जोरात फिरतो आणि नेमकं तेव्हाच आपण घरी पोचून चावी बंद करतो. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते बदला. आम्ही सेन्सर आणि ऑइल बदललं, वर्कशॉपमध्ये स्कॅनरवरून रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याचं हेच काम, करून घेतलं. दिवा गेला. आता अधूनमधून गाडी हायवेवर सलग पळवतो.

काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधल्या रसायनांतून येते, म्हणून मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, कमी राखेचं ऑइल घ्या. राखेनेच भरला असेल तर फिल्टर उतरवून त्यासाठीच्या यंत्रावर साफ करावा लागतो. गॅरेजच्या वॉशरचा फवारा नको. जाळी वितळली, तडकली तरच नवा.

पोकळ करणारा ‘जुना माल राहू द्या इथेच’ म्हणतो, तेही लक्षात घ्या. फिल्टरसोबतच्या कॅटॅलिस्टमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असतं. भंगारात त्याला चांगला भाव येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मला स्वतःला मात्र रिमॅपची, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याची, भीती जास्त वाटते. धुराशी संबंधित तक्रारी ईसीयूतून पुसून टाकल्या की उद्या इंजेक्टर गळला, टर्बो ऑइल खाऊ लागला, तरी दिवा लागेलच असं नाही. काजळी तर सरळ मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर.

जुनी बीएस-६ डिझेल गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा, इंजिन थंड असताना. फिल्टर शाबूत असेल तर बोटाला फारसं काही लागत नाही. काळंकुट्ट झालं, तर किमतीचं बोलणं नंतर; आधी गाडी लिफ्टवर चढवून फिल्टरच्या डब्यावर वेल्डिंगची खूण आहे का बघा.