पहिली मॅरेथॉन, दमट हवा आणि स्टीम टेबल

शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी आपल्या मेसच्या मिक्स भाजीसारखं आहे, सांभाळून घ्या. पण हा अंक हॉस्टेलचे काका-मावशीही वाचतात, आणि विषय त्यांच्याही उपयोगाचा आहे.

जानेवारी 2025 मध्ये, सेकंड इयरला असताना, मी मुंबईत पहिली पूर्ण मॅरेथॉन धावले. 42.195 किलोमीटर! परत आल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती तासांत?" हवा कशी होती हे कोणीच विचारलं नाही. खरं तर पहिल्यांदा धावणाऱ्याने सगळ्यात आधी हवाच बघायला हवी. का, ते आपल्याच सिलॅबसमधून सांगते.

शरीर हे एक इंजिन आहे आणि त्याची एफिशियन्सी फार नाही. ढोबळ नियम असा, की धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला किलोमीटरमागे 60 किलोकॅलरी, अर्थात सुमारे 250 किलोज्यूल. त्यातले 80 टक्के उष्णता होतात असं धरू. किलोमीटरला 6 मिनिटं या वेगाने धावलं तर ही उष्णता सुमारे 560 वॉट भरते. शरीराची स्पेसिफिक हीट साधारण 3.5 धरून हिशोब करा: ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर दर सहा मिनिटांना अंगाचं तापमान एका अंशाने चढेल. अर्ध्या तासात माणूस आडवा!

तसं होत नाही, कारण घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल घेऊन जातो. इथे महत्त्वाचा शब्द 'वाळताना' हा आहे. नुसता टपटप गळणारा घाम काही थंडावा देत नाही. पावसाळ्यात हॉस्टेलच्या दोरीवर जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही ना? दमट हवेत आपल्या अंगाचं तेच होतं.

आता स्टीम टेबल उघडा. त्वचा 35 अंशांवर असेल तर तिथला बाष्पदाब सुमारे 5.6 किलोपास्कल. हवा 30 अंश आणि आर्द्रता 40 टक्के असेल तर हवेतला बाष्पदाब 1.7, फरक 3.9. तापमान तेच ठेवून आर्द्रता 80 टक्के केली तर 3.4, फरक उरला फक्त 2.2. वारा सारखाच असेल तर घाम वाळवण्याची हवेची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली, आणि थर्मामीटरला त्याचा पत्ताही नाही.

उदाहरण हवं असेल तर 2019 ची दोहा इथली जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा घ्या. महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. ऊन नव्हतंच, तरी सुरुवात केलेल्या 68 जणींपैकी 40 जणीच शेवटपर्यंत पोचल्या. विजेतीला 2 तास 32 मिनिटं लागली. तेव्हाचा जागतिक विक्रम 2 तास 15 मिनिटांचा होता. जगातल्या उत्तम धावपटूंनी वेग कमी केला, मग आपण कोण?

आपल्या हातात काय आहे, ते आता बघू.

पहिलं म्हणजे वेग. हवा बदलता येत नाही, उष्णता कमी निर्माण करता येते. किलोमीटरला 6 ऐवजी साडेसात मिनिटं घेतली तर 560 चे 450 वॉट होतात. मात्र हळू धावणारा जास्त वेळ रस्त्यावर असतो. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, आणि आमच्यासारख्यांचे शेवटचे दहा किलोमीटर चांगल्याच उन्हात जातात. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागला तेव्हा मी सरळ चालत गेले, कारण ते प्लॅनमध्येच होतं.

दुसरं, सवय. रोज थोडं उष्ण हवेत धावलं तर दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला प्लाझ्मा वाढतो. एसी जिममधल्या ट्रेडमिलवर हे होत नाही.

तिसरं, पाणी. कमी पिणं वाईट, तसं अति पिणंही वाईट. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं निघालं. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि तो जिवावर बेतू शकतो. सोपी चाचणी अशी: सरावाच्या लांब रनआधी आणि नंतर वजन करा. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. तहानेप्रमाणे प्या.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्टोबरमधल्या एका सरावाला माझी रूममेट सोबत होती. सोळाव्या किलोमीटरला ती म्हणाली, "मला थंडी वाजतेय." भर उकाड्यात अंगावर काटा! मी थांबूया म्हटलं, तर म्हणे, "दोनच किलोमीटर राहिलेत गं." राहिले होते पाच. तिचा हिशोब चुकतोय म्हटल्यावर मी तिला हाताला धरून सावलीत बसवलं, टपरीवरून बर्फ आणून मानेवर, काखेत लावला, डोक्यावर पाणी ओतलं. वीस मिनिटांनी ती मला शिव्या देऊ लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. उन्हात थंडी वाजणं, झोक जाणं, असंबद्ध बोलणं ही उष्माघाताची लक्षणं असू शकतात. अशा वेळी आधी अंग थंड करा, सोबत 108 ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि त्या माणसाला "जमेल का?" असं विचारू नका. त्या क्षणी उत्तर देणारा मेंदूच तापलेला असतो. निर्णय सोबत्याने घ्यायचा.

म्हणून पहिली मॅरेथॉन धावणार असाल तर एकटे सराव करू नका. जोडीदार शोधा, आणि कोणी "थांब" म्हटलं तर थांबायचं हे आधीच ठरवून घ्या. शंका असतील तर रविवारी पहाटे साडेपाचला ग्राउंडवर या. वजनकाटा मी आणते, स्टीम टेबल तुम्ही आणा!