देवनारच्या बेसवाल्याने ॲम्प्लिफायर घेताना: आधी बॉक्स, मग वॅट

लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात बेस गिटारसाठी पॉवर ॲम्प मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा पाहिजे?" गिऱ्हाईकही आकडा सांगून मोकळं होतं. पाचशे, हजार, परवडलं तर दोन हजार. देवनार-गोवंडी-चेंबूर पट्ट्यात ऑर्केस्ट्रात, चर्चच्या गायनवृंदात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा मंडळाच्या कार्यक्रमांत बेस वाजवणाऱ्यांनी हा प्रश्न आधी दुकानदाराकडे परतवावा. आपल्याकडे स्पीकरचा कुठला बॉक्स आहे, किंवा कुठला घ्यायचा आहे, तो किती ओहमचा, त्याची सतत सोसायची ताकद किती, हे ठरल्याशिवाय वॅटचा आकडा सांगू नये. ॲम्प बॉक्सप्रमाणे निवडायचा असतो. उलट्या क्रमाने गेलेल्या माणसाचे पैसे दोनदा जातात.

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. ३०० वॅटच्या जागी ६०० वॅट दिले की फक्त ३ डेसिबल वाढतात. बँडमध्ये ड्रम चालू असताना तेवढा फरक जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटावं एवढी वाढ साधारण १० डेसिबलची, आणि ती निव्वळ ताकदीने मिळवायची तर दहापट वॅट लागतात. बॉक्सच्या माहितीपत्रकात मात्र संवेदनशीलतेचा एक आकडा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा बॉक्स घेतला, तर ॲम्प दुप्पट केल्याएवढा फायदा मिळतो, आणि तोही कायमचा. एक सावधगिरी हवी. हा आकडा बहुधा मधल्या पट्टीतला असतो. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, पाच तारांच्या गिटारची जाड तार ३१ हर्ट्झच्या जवळ. तेवढ्या खाली बॉक्स काय करतो ते कागदावर कळत नाही. आपली गिटार दुकानात नेऊन जाड तार मोकळी वाजवून ऐकावी. लाजायचं काही कारण नाही, पैसे आपले जाणार आहेत.

१९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हा बेसचा ॲम्प काढला. त्याची ताकद ३०० वॅट होती, वजन ३५ किलोंहून जास्त. मोठमोठी मैदानं त्याने भरून काढली, कारण त्याच्यासोबत दहा इंची आठ-आठ स्पीकरचे दोन बॉक्स असत. आज खिशाला परवडणारे ॲम्प त्याहून जास्त वॅट देतात आणि तरीही बेस ऐकू येत नाही अशी तक्रार होते. तिथे कमतरता बहुतेक वेळा हवा हलवणाऱ्या स्पीकरची असते.

आता ओहम, म्हणजे बॉक्सचा विजेला होणारा विरोध. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ॲम्पला ४ ओहम दिसतात. ४ ओहमचे दोन जोडले की २, आणि तिथे बरेच ॲम्प तापून बंद पडतात. एक खरं उदाहरण घेऊ. क्राउन कंपनीचा एक्सएलएस १००२ हा ॲम्प एका चॅनेलवर ८ ओहमला २१५ वॅट, ४ ओहमला ३५० वॅट देतो. ८ ओहमचा एक बॉक्स असताना त्याला २१५ मिळतात. तसाच दुसरा बॉक्स जोडला की एकूण ३५० होतात, म्हणजे २ डेसिबल जास्त, आणि दोन बॉक्स शेजारी ठेवल्याने खालच्या सुरांत आणखी सुमारे ३ डेसिबल पडतात. नवा ॲम्प न घेता ५ डेसिबल. म्हणून दुसरा बॉक्स पुढेमागे घ्यायचा विचार असेल तर पहिला ८ ओहमचाच घ्यावा. पहिलाच ४ ओहमचा घेतला की त्याच चॅनेलवर पुढचा रस्ता बहुधा बंद होतो.

ब्रिज जोडणीत दोन्ही चॅनेल मिळून एक होतात. याच ॲम्पमधून ब्रिजमध्ये ८ ओहमच्या बॉक्सला ७०० वॅट जातात. बॉक्स ३०० वॅटचा असेल तर एका जोरदार रात्रीत त्याचा कॉइल जळू शकतो. शिवाय ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात: ४ ओहमचा बॉक्स लावला तर आतल्या प्रत्येक बाजूला तो २ ओहमचा वाटतो. मागच्या पट्टीवर ब्रिजची किमान मर्यादा छापलेली असते, ती वाचल्याशिवाय जोडणी करू नये. बॉक्सच्या सतत सोसायच्या ताकदीएवढा ॲम्प नवशिक्याला पुरतो. हात संयमी असेल तर दीडपटीपर्यंत जायला हरकत नाही, कारण बेसच्या ठोक्याला क्षणभर जादा ताकद लागते. क्लिपचा, म्हणजे ॲम्प मर्यादेबाहेर गेल्याचा, लाल दिवा मात्र सतत पेटता राहू देऊ नये.

छापलेल्या वॅटवर कितपत विश्वास ठेवायचा? टेपरेकॉर्डरच्या जमान्यात पीएमपीओचे हजारोंचे आकडे आपण पाहिले आहेत. त्याची भावंडं अजून बाजारात आहेत: पीक, मॅक्स, म्युझिक पॉवर. आपण आरएमएस किंवा सतत ताकद विचारायची, किती ओहमला हे विचारायचं, आणि दोन्ही चॅनेल एकत्र चालू असताना का, हेही विचारायचं. एक साधा हिशोब उपयोगी पडतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. ६ ॲम्पिअरच्या साध्या प्लगमधून जास्तीत जास्त १३८० वॅट ओढता येतात. अशा प्लगवर चालणारा ॲम्प सतत ३००० वॅट देतो असं कोणी सांगत असेल तर तो आकडा क्षणिक आहे, सततचा नाही.

पॉवर ॲम्पमध्ये गिटार थेट लावून चालत नाही. गिटारचा संकेत अशक्त असतो, त्याला आधी प्रीॲम्प लागतो, आवाजाचा पोतही तिथेच ठरतो. म्हणून ज्यांच्याकडे काहीच नाही आणि फक्त बेसच वाजवायचा आहे, त्यांना माझा सल्ला स्वतंत्र पॉवर ॲम्पचा नाही. प्रीॲम्पसकट येणारा हलका बेस हेड घ्यावा, कटकट कमी. वेगळा पॉवर ॲम्प शोभतो तो दोन प्रकारच्या लोकांना: ज्यांच्याकडे प्रीॲम्प पेडल किंवा मल्टी-इफेक्ट आधीच आहे त्यांना, आणि ज्या मंडळाला तोच ॲम्प इतर दिवशी गाण्याच्या स्पीकरसाठी वापरायचा आहे त्यांना. आपल्या भागातल्या बहुतेक हौशी मंडळींना दुसरं कारण लागू पडतं, आणि ते चांगलं कारण आहे.

वजनाचा खर्च बिलात दिसत नाही, पण देवनारला तो इतर अनेक ठिकाणांपेक्षा जास्त पडतो. रिक्षा सायनपर्यंतच जाते, पुढे शहरात टॅक्सी किंवा टेम्पो. लोकलने जायचं तर गोवंडीचे जिने, मग कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलणं. जड ट्रान्सफॉर्मरचा जुन्या धाटणीचा, म्हणजे क्लास एबीचा ॲम्प १५ ते २० किलोंच्या घरात जातो. क्लास डी ॲम्प स्विचिंग पॉवर सप्लायचा असेल तर चार-पाच किलोंत भागतं, पाठीवरच्या पिशवीत बसतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याने आणि महिन्याला चार कार्यक्रम करणाऱ्याने दहा-पंधरा हजार जास्त देऊन हलका घ्यावा. टेम्पोचे पैसे एका हंगामात वाचतात, कंबर वाचते ती वेगळी. उलट ज्याचा ॲम्प मंडळाच्या खोलीतून हलणारच नाही, त्याने वजनाची फिकीर करू नये. जुन्या धाटणीचा देशी ॲम्प जड असतो, पण दुरुस्तीला सोपा असतो. त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर बाजारात मिळतात आणि बदलता येतात. क्लास डीचा बोर्ड गेला की बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो.

खाली दिलेले भाव अंदाजपत्रक मांडण्यापुरते आहेत. दुकान आणि घासाघिशीप्रमाणे ते वर-खाली होतील. काटकसरीचा संच असा: सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा करून घेतलेला, देशी १५ इंची स्पीकरचा बॉक्स १४ ते १८ हजार, दोन चॅनेलचा ३००-३०० वॅटचा जुना पण तपासलेला ॲम्प १० ते १४ हजार, स्वस्तातलं प्रीॲम्प पेडल ४ हजार, स्पीकरची वायर आणि स्पीकॉन कनेक्टर दीड हजार, ॲम्प ठेवायची पेटी ३ हजार. एकूण साडेबत्तीस ते साडेचाळीस हजार. दुसरा संच नव्या हलक्या परदेशी ॲम्पचा: ॲम्प ३० ते ५० हजार, दहा इंची स्पीकरांचा तयार बॉक्स ४० ते ६० हजार, पेडल ४ ते २५ हजार, वायर आणि पेटी मिळून ६ हजार. तो ८० हजारांपासून १ लाख ४१ हजारांपर्यंत जातो. ॲम्प आणि स्पीकरवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून भाव विचारताना करासहित का, हे पहिल्याच वाक्यात विचारावं. दोन्ही संचांत ॲम्पवरचा खर्च बॉक्सपेक्षा कमी ठेवला आहे, तो मुद्दाम.

वर्षाला सहाहून कमी कार्यक्रम असतील तर विकत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. एका कार्यक्रमाला ॲम्प आणि बॉक्स वाहतुकीसकट ३ हजार भाड्याने धरले तरी सहा कार्यक्रमांचे १८ हजार होतात, काटकसरीच्या संचाच्या निम्म्याएवढे. मोठ्या स्टेजवर साउंडवाला तुमच्या प्रीॲम्पमधून थेट लाइन घेतो, तिथे स्वतःचा पॉवर ॲम्प लागतही नाही.

जुना ॲम्प घेताना तो निदान पाऊण तास खऱ्या बॉक्सवर चालवून बघावा. काही न वाजवता घुमघुम येते का, पंखा फिरतो का, बटणं फिरवताना खरखर होते का, जळकट वास येतो का? मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी व्होल्टेज मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर सोडून द्यावा. खाडीजवळची दमट हवा आणि आपल्या भागातली धूळ पंख्याच्या जाळीत साचते, स्क्रूंवर गंज चढवते. आतला थर पाहूनच भाव पाडून मागावा. आपण घेतल्यावरही दर दोन-तीन महिन्यांनी जाळी ब्रशने साफ करावी.

अमेरिकेतून नातेवाईक ॲम्प आणणार असतील तर त्यांना मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगावा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो इथल्या २३० व्होल्टवर लावताच जाईल. त्याला व्होल्टेज उतरवणारा जड ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणजे हलकेपणाचा फायदाही संपला. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला असेल तर चिंता नाही.

वायरीत कंजुषी करू नये. गिटारची शिल्डेड केबल ॲम्प आणि बॉक्समध्ये कधीही वापरू नये, ती तापते. अडीच चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर दहा मीटरपर्यंत पुरते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर, मंडपातल्या उघड्या जोडांवर ॲम्प लावू नये. तारांना हात लावून वाजवणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. विजेचं बिल फारसं नसतं. सरावात सरासरी अर्धा किलोवॅट धरला तरी दोन तासांना एक युनिट.

शेजाऱ्यांचा विचार हाही खर्चाचाच भाग आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतो. टाटा समाजविज्ञान संस्थेपासून शताब्दी रुग्णालयापर्यंत आपल्याकडे अशा संस्था बऱ्याच आहेत. बेसचे खालचे सूर भिंत ओलांडतात, ट्रेबलसारखे अडत नाहीत. घरी सराव हेडफोनवर करावा. प्रीॲम्प पेडलला हेडफोनची जागा आहे का ते घेतानाच बघावं.

बिल पक्कं घ्यावं, त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, ओहम आणि आरएमएस वॅट लिहून घ्यावेत, वॉरंटीवर दुकानाचा शिक्का. "नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. वादात हाच कागद उपयोगी पडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे दुकान ग्रँट रोडला असलं तरी देवनारकराला मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.